पेशी मरते कधी आणि मेलेली दिसते कधी?

धागाकर्ती: चरईची_स्लाइडवाली

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ, पन्नाशीच्या आतले, तलावपाळीला फेऱ्या मारताना कोसळले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. शवविच्छेदन झालं. हृदयाच्या एका रोहिणीत (धमनीत) चरबीचा थर फुटून त्यावर ताजी गुठळी मिळाली, पण हृदयाच्या स्नायूच्या स्लाइडमध्ये झटक्याच्या खुणा नाहीत, असा अहवाल आला. झालं! 'अटॅक नव्हताच, काहीतरी दडपताहेत,' असा निकाल ग्रुपने दिला.

पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुलांना स्लाइड दाखवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारायचंच. ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली ते गाडलं जाईल, म्हणून इथे लिहिते.

रोहिणी बंद झाली की तिच्या पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही. काही सेकंदांतच प्राणवायूवर चालणारी ऊर्जानिर्मिती थांबते आणि एटीपीचा (पेशी ज्यावर चालते त्या इंधनाचा) साठा घसरू लागतो. साधारण मिनिटाभरात तो भाग आकुंचन पावायचा थांबतो. पण थांबला म्हणजे मेला नाही. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारा पंप असतो, तो एटीपीवर चालतो. तो मंदावला की सोडियम आत साठतं, त्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. ग्लुकोज प्राणवायूशिवाय वापरल्यामुळे आत आम्लता वाढते, प्रथिनं बनवण्याचं काम ठप्प होतं. एवढं सगळं होऊनसुद्धा या टप्प्यावर रक्त परत आलं तर पेशी सावरते. परतीची वाट बंद व्हायला हृदयाच्या स्नायूत साधारण २० ते ४० मिनिटं लागतात. मेंदूच्या पेशींना जेमतेम ३ ते ५ मिनिटं.

बरं, मेली. तरी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती मेलेली दिसते का? नाही. खात्रीने सांगता येईल असे बदल दिसायला ४ ते १२ तास जातात आणि नुसत्या डोळ्यांना फिकट भाग दिसायला त्याहून जास्त. कारण आपण स्लाइडवर जे बघतो ते मरणानंतरचं काम असतं: प्रथिनं गोठणं, पेशीच्याच विकरांनी (एन्झाइम्सनी) तिला पचवणं, केंद्रक आक्रसून गडद होणं, मग त्याचे तुकडे होणं किंवा ते विरून जाणं. त्यानंतर पांढऱ्या पेशी येतात, पण त्या रक्तातून यायच्या. रक्ताभिसरणच थांबलं तर येणार कुठून?

आणि ग्रुपवर कुणालाच न पटलेला मुद्दा पुढे आहे. असा माणूस कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हृदयाच्या पेशी अजून मेलेल्याच नसतात. प्राणवायूला आसुसलेला स्नायू विजेच्या दृष्टीने अस्थिर होतो, ठोक्यांची लय बिघडते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. पेशी जिवंत, माणूस गेलेला. स्नायूच्या स्लाइडमध्ये काही नसण्याचा अर्थ एवढाच की सगळं फार लवकर घडलं.

---

तुर्भे_लोकल

छान धागा. वाचतोय.

एक शंका. परतीची वाट २० ते ४० मिनिटांनी बंद होते म्हणता, पण बंद झाली हे ठरवायचं कशावरून? पेशीला नाडी नसते.

---

चरईची_स्लाइडवाली

@तुर्भे_लोकल, दोन गोष्टींवर बोट ठेवता येतं. एक, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली वीजघरं) इतके बिघडतात की प्राणवायू परत दिला तरी ते एटीपी बनवू शकत नाहीत. दोन, आवरणं फाटतात. बाहेरचंसुद्धा आणि आतल्या पाचक पिशव्यांचंसुद्धा. या सगळ्यात कॅल्शियमचा मोठा हात आहे. एरवी पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी राखलेलं असतं. बंदोबस्त ढिला पडला की ते आत घुसतं आणि नको ती विकरं जागी करतं: कुणी आवरणाची चरबी कापतं, कुणी प्रथिनं, कुणी डीएनए.

आवरण फाटलं की आतला माल बाहेर पडतो. कॅज्युअल्टीत 'ट्रोपोनिन पाठवा' म्हणतात ते याच मालाबद्दल. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं आकुंचनाचं प्रथिन, त्याची जागा पेशीच्या आत. रक्तात वाढलेलं मिळालं तर स्नायूला इजा झाली. इजा कशामुळे, ते मात्र तो आकडा सांगत नाही. त्यासाठी ईसीजी, लक्षणं, बाकी तपासण्या. पहिल्या तासात आलेल्या माणसाचं ट्रोपोनिन चक्क नॉर्मल येऊ शकतं, म्हणून काही तासांनी परत काढतात. 'दोनदा रक्त काढून बिल वाढवतात' ही तक्रार इथेच कुठल्याशा धाग्यावर वाचली होती, त्याचं हे उत्तर.

---

नौपाड्याचे_नाना

मरायचंच असलं की माणूस मरतो, त्याला एटीपी काय नि कॅल्शियम काय. पण लिहिलंय चांगलं. चालू द्या.

---

डीएमएलटी_ऐरोली

मॅडम, आमच्या सिलॅबसमध्ये नेक्रोसिस आणि ॲपॉप्टोसिसमधले फरक दोन रकान्यांत पाठ करायला दिलेत. पाठ झालेत पण डोक्यात शिरत नाहीत. दोन्हीत पेशी मरतेच ना?

---

वागळे_इस्टेट_२२

@डीएमएलटी_ऐरोली, तुम्ही ठाण्याच्या आसपासचे, तेव्हा कळेल. पालिकेने सी-वन (अतिधोकादायक) ठरवलेली इमारत एका पावसात कोसळते ते नेक्रोसिस. धुरळा, शेजारच्या चाळीला तडे, अग्निशमन दल, गर्दी. आणि रिडेव्हलपमेंटला दिलेली इमारत ॲपॉप्टोसिस: आधी वीज-पाणी तोडतात, हिरवं कापड लावतात, मजला मजला उतरवतात, डेब्रिज गोण्यांत भरून नेतात. शेजाऱ्याला कळतही नाही. (निदान कळू नये अशी अपेक्षा असते. आमच्या शेजारच्या बिल्डरला कुणी हे सांगा.)

---

चरईची_स्लाइडवाली

@वागळे_इस्टेट_२२, चोरते हे. एक दुरुस्ती फक्त: इथे ठेकेदार बाहेरून येत नाही. पाडकामाची हत्यारं पेशीत आधीपासून तयार असतात, कुलूपबंद. त्यांना कॅस्पेज म्हणतात. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडलं की कुलूप उघडतं. गंमत अशी की हेच प्रथिन एरवी ऊर्जा बनवण्याच्या कामावर असतं. पेशी आकसते, डीएनए ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापला जातो, पेशीच्या आवरणबंद पुड्या होतात. आवरण फाटत नाही, हा मुद्दा अधोरेखित कर. एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या बाजूला येतं आणि ते पाहून भक्षक पेशी पुड्या गिळून टाकतात. आतला माल सांडत नाही म्हणून सूज नाही, लाली नाही.

दोन रकाने पाठ करण्यापेक्षा 'आवरण फाटलं का?' एवढं विचार. नेक्रोसिसच्या रकान्यातलं निम्मं आपोआप येतं: माल सांडला, म्हणून दाह झाला, म्हणून पांढऱ्या पेशी आल्या, म्हणून रक्तात विकरं वाढली.

गर्भात हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पडद्यातल्या पेशी अशा मरतात म्हणून. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला वेगळं नाव दिलं. पुढे सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर कृमीवर काम झालं. त्याच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१! त्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

आणि ही व्यवस्था बिघडली की उलटी पंचाईत. मरायला हवी ती पेशी मरतच नाही. बीसीएल-२ हे प्रथिन ॲपॉप्टोसिस अडवून धरतं. काही लिम्फोमांमध्ये (लसीका पेशींच्या कर्करोगांमध्ये) ते भरमसाट बनतं. त्याच प्रथिनाला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून रक्ताच्या एका कर्करोगात वापरात आहे.

---

खारघर_टेकडी

अवांतर: आमच्याकडे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, तिथे कर्करोगावर संशोधन चालतं. त्याचं मूळ मुंबईतल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, आणि त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच. सेंट्रल पार्कला येणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव माहीत असेल, शंकाच आहे.

---

मीनल_कोपरखैरणे

माझ्या आत्याच्या पायाच्या अंगठ्याला मधुमेहामुळे गँगरीन झालं होतं. अंगठा काळा, कोरडा. डॉक्टर म्हणाले सध्या घाई नाही. आठवड्याने ओलं झालं म्हणाले आणि लगेच ऑपरेशन. कोरडं आणि ओलं यात एवढा काय फरक?

---

चरईची_स्लाइडवाली

@मीनल, कोरड्यात रक्तपुरवठा तुटून मांस मरतं आणि वाळतं. जिवंत-मेल्याची रेघ बऱ्यापैकी स्पष्ट असते. ओल्यात त्या मेलेल्या मांसात जंतू वाढतात, ते पातळ होत जातं, रेघ पुसते आणि विष रक्तात जाऊ लागतं. म्हणून घाई. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर होतं.

नेक्रोसिसचे बाकी प्रकार थोडक्यात. हृदय, मूत्रपिंड यांत रक्तपुरवठा तुटला तर मेलेल्या पेशींची बाह्याकृती काही दिवस तशीच राहते. मेंदूत मात्र सगळं पातळ होऊन पोकळी उरते. क्षयात पांढरट, भुसभुशीत चुरा. स्वादुपिंडाच्या दाहात सुटलेली विकरं आसपासची चरबी तोडतात, त्यातून निघालेल्या आम्लांना कॅल्शियम चिकटतं आणि खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. त्या रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम उतरतं, त्याचं एक कारण हे.

---

वाशी_कलेक्शन_सेंटर

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. गुठळीबद्दल लिहा ना. आम्ही दिवसभर रक्त काढतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत गोठत नाही, लाल झाकणाच्या नळीत गोठतं, निळी नळी रेघेपर्यंत भरली नाही तर लॅबवाले परत पाठवतात आणि पेशंट आमच्यावर ओरडतात. शरीरात ते का गोठत नाही हे कधी कुणी सांगितलं नाही.

---

चरईची_स्लाइडवाली

@वाशी_कलेक्शन_सेंटर, तुमच्यापासूनच सुरू करू. गोठण्याच्या साखळीत कॅल्शियम लागतं. जांभळ्या नळीतलं ईडीटीए आणि निळ्या नळीतलं सायट्रेट, दोघंही कॅल्शियम पकडून ठेवतात. निळ्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असं प्रमाण असतं. रक्त कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं, ते तपासणीच्या वेळी घातलेलं कॅल्शियमही पकडतं आणि रक्त गोठायला खोटाच उशीर दिसतो. वॉरफरिन (रक्त गोठणं कमी करणारी गोळी) घेणाऱ्याचा डोस त्या आकड्यावर ठरतो. तेव्हा परत पाठवणारा लॅबवाला तुमचा शत्रू नाही.

आता शरीर. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं, पण ते सतत गोठणं रोखण्याचं काम करतं. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना (गोठण्यात पुढाकार घेणाऱ्या रक्तातल्या चकत्यांना) लांब ठेवतं, गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या विकराला निष्प्रभ करतं, गुठळी विरघळवणारं टीपीए पुरवतं. अस्तर खरवडलं गेलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने प्लेटलेट तिथे चिकटतात, एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात. शिवाय इजा झालेल्या ऊतीतला टिश्यू फॅक्टर रक्तातल्या सातव्या घटकाला (गोठवणाऱ्या प्रथिनांना असे क्रमांक आहेत) भेटतो आणि साखळी थ्रॉम्बिनपर्यंत जाते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे फायब्रिनचे धागे करतं, तेरावा घटक त्या धाग्यांना पक्के टाके घालतो.

रक्त नको तिथे गोठण्यामागे तीन कारणं धरतात: अस्तराला इजा, प्रवाहात बिघाड, रक्ताचीच गोठण्याकडे ओढ. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन पॅथॉलॉजिस्टच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन अडकते हे त्याने १८५०च्या सुमाराच्या दशकात प्रयोगांनी दाखवलं.

रोहिणीतली गुठळी बहुधा फुटलेल्या थरावर, वेगवान रक्तात बनते, त्यात प्लेटलेट जास्त. शिरेतली संथ रक्तात, त्यात फायब्रिन आणि लाल पेशी जास्त. म्हणून पहिलीसाठी ॲस्पिरिनसारखी प्लेटलेटवरची औषधं पुढे आणि दुसरीसाठी हेपॅरिन, वॉरफरिन वगैरे. ॲस्पिरिनची युक्ती मला फार आवडते. ते प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं विकर कायमचं निकामी करतं. दुसऱ्या पेशी नवं विकर बनवतील. प्लेटलेटला केंद्रकच नाही, ती बनवू शकत नाही. तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस, ती बाद. म्हणून इतका छोटा डोस दिवसातून एकदा पुरतो.

गणपतीला मुंबई-गोवा रस्त्यावर रात्रभर गाडीत अडकणाऱ्यांनो, मधे उतरा आणि पोटऱ्या हलवा. शिरेतलं रक्त वर ढकलण्याचं काम त्या पोटऱ्याच करतात.

---

काढाप्रेमी

लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आटवून रोज चमचाभर घ्या, सगळे ब्लॉकेज मोकळे. आमच्या मामांची अँजिओप्लास्टी टळली.

---

चरईची_स्लाइडवाली

मामांना दीर्घायुष्य लाभो. पण थर वेगळा आणि गुठळी वेगळी. थर वर्षानुवर्षं रोहिणीच्या भिंतीच्या आत चढतो: कोलेस्टेरॉल, त्याने फुगलेल्या भक्षक पेशी, तंतू, कॅल्शियम. चमचाभर काढ्याने तो धुऊन निघत नाही. झटका बहुधा येतो तो थराचं पातळ झाकण फाटून, त्यावर मिनिटांत गुठळी बसून. आदल्या दिवशी ४० टक्के अडथळा असलेली रोहिणीसुद्धा अशी पूर्ण बंद होऊ शकते. छातीत दुखत असताना काढा आटवत बसू नका, एवढंच कळकळीने.

---

येऊरचा_वाटसरू

माझा प्रश्न उलटा आहे. शहापूरकडे भातकापणीत घोणस चावलेला एक माणूस पाहिला. हिरड्यांतून रक्त थांबेना. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन नुसतंच ठेवून दिलं. मग कळलं की तीच तपासणी. पण मी वाचलंय की घोणशीच्या विषाने रक्त गोठतं. मग वाहत का होतं?

---

चरईची_स्लाइडवाली

वा, हाच प्रश्न हवा होता.

दोन्ही खरं. घोणशीच्या विषातली विकरं साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकांना थेट चालू करतात. (फुरशाचं विष त्याच्या पुढच्या पायरीला, प्रोथ्रॉम्बिनला.) सगळ्या शरीरभर एकदम, जखम असो नसो. गोठण्याचा माल बघता बघता खर्च होतो, फायब्रिनोजेन संपतं. मग खरोखर जिथे बूच हवं, म्हणजे हिरडीत, सुईच्या टोचणीत, तिथे काही शिल्लकच नसतं.

डॉक्टरांनी केली ती २० मिनिटांची तपासणी. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच वाकडी करायची. पातळच राहिलं तर विषाचा परिणाम धरतात. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने गोठणं सुरू होतं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी फसवते. प्रतिविष दिल्यावर हीच तपासणी ६ तासांनी परत करतात, कारण विष निष्प्रभ झालं तरी संपलेले घटक यकृताने नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. परळची हाफकिन संस्था ते बनवत आली आहे. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं नको. रक्त गोठत नसलेल्या माणसाला चिरा देण्याचा अर्थ तुमच्या लक्षात येईलच.

---

नौपाड्याचे_नाना

हे मात्र माहीत नव्हतं. पण बाई, मेल्यावरही रक्त गोठतंच की. मग शवविच्छेदनात मिळालेली गुठळी आधीची की नंतरची, कशावरून?

---

चरईची_स्लाइडवाली

नाना, आलात रुळावर. मरणानंतरची गुठळी लिबलिबीत, वाहिनीच्या आकाराची आणि भिंतीला न चिकटलेली. लाल पेशी वजनाने खाली बसल्यामुळे खालचा भाग गडद लाल आणि वरचा पिवळट. जिवंतपणीची कोरडी, ठिसूळ, भिंतीला कुठेतरी चिकटलेली. वाहत्या रक्तात बनली असेल तर तिच्यात फिकट आणि गडद पट्टे दिसतात: प्लेटलेट-फायब्रिनचा थर, मग लाल पेशींचा, परत पहिला. त्यांना झानच्या रेषा म्हणतात. वाहत्या रक्ताशिवाय त्या तयार होत नाहीत, त्यामुळे त्या दिसल्या की प्रश्न मिटतो.

स्नायूबद्दलही एक युक्ती आहे. ताज्या हृदयाचा काप टीटीसी नावाच्या रसायनात बुडवला तर धड स्नायू विटकरी लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो, कारण रंग आणणारी विकरं फाटलेल्या आवरणातून निघून गेलेली असतात. २-३ तासांपूर्वीची इजासुद्धा यात कळू शकते. पण काप फॉर्मॅलिनमध्ये गेला की ही संधी गेली.

---

डीएमएलटी_ऐरोली

मॅडम, शेवटचं. अँजिओप्लास्टी करून रक्त परत सुरू केलं की पुढचं नुकसान थांबतं ना? आमच्या नोट्समध्ये 'रीपरफ्युजन इंज्युरी' लिहिलंय, म्हणजे रक्त परत आल्यानेच इजा?

---

चरईची_स्लाइडवाली

हो. कुपोषित मायटोकॉन्ड्रियांना एकदम प्राणवायू मिळाला की ते घातक ऑक्सिजन कण सोडतात, कॅल्शियम लोंढ्याने आत येतं, रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी येऊन भर घालतात. सीमेवरच्या काही पेशी त्यात जातात. स्लाइडवर करकचून आवळलेल्या तंतूंचे गडद आडवे पट्टे दिसतात. तरी हिशोब स्पष्ट आहे: जेवढ्या वाचतात त्यापुढे या थोड्या, म्हणून रोहिणी लवकरात लवकर उघडायचीच.

---

तुर्भे_लोकल

आणि मेलेल्या जागेचं पुढे काय होतं? यकृतासारखं परत उगवतं?

---

चरईची_स्लाइडवाली

नाही. पहिले १ ते ३ दिवस पांढऱ्या पेशी, मग आठवडा संपेपर्यंत भक्षक पेशी मेलेला माल उचलतात. याच काळात, ३ ते ७ दिवसांच्या आसपास, ती भिंत सगळ्यात मऊ असते आणि क्वचित फाटते. घरी बरं वाटू लागलेला माणूस जिना चढायचा हट्ट धरतो तो नेमका तेव्हाच. पुढे नव्या केशवाहिन्या आणि कोलॅजन येतं, साधारण २ महिन्यांत घट्ट पांढरा व्रण तयार होतो. व्रण भार सोसतो, आकुंचन पावत नाही. हृदयाच्या स्नायूपेशी बदलतात, पण अगदी मंद. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून २००९ मध्ये मोजलं गेलं: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. झटक्यात गेलेला स्नायू त्या गतीने भरून निघत नाही, म्हणून डिस्चार्जनंतर २डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपाची ताकद किती टक्के उरली ते बघतात आणि गोळ्या त्यावर ठरतात.

---

वाशी_कलेक्शन_सेंटर

वाचनखूण साठवली. निळ्या नळीवाला परिच्छेद प्रिंट काढून काउंटरला लावतो, चालेल ना?

---

चरईची_स्लाइडवाली

लावा की. '९ भाग, १ भाग' जरा मोठ्या अक्षरात.